अन्नावरची अक्षरे



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांच्याविषयी बोलण्याचा अधिकार माझ्यापेक्षा ह्या सभेत बसलेल्या त्यांच्या विद्यार्थ्यांचा अधिक आहे. मला त्यांचा सहवास लाभला नाही. परंतु गावातल्या प्रत्येक माणसाला निदान स्वतःच्या नावाची अक्षरे ओळखता आली पाहिजेत, ह्या एका ध्यासापायी त्यांनी रात्रीचे वर्ग चालविले, हे मी ऐकून आहे. म्हणून आजचा विषय ठरविताना अक्षरांविषयीच बोलावे असे माझ्या मनाने घेतले. ज्या अक्षरांविषयी मी बोलणार आहे ती पुस्तकातली नसून अन्नावरची आहेत.

आज दुपारी चांदोरीकडून पूल ओलांडून सायखेड्यात शिरताना, पुलाच्या तोंडाशी एक पिकअप उभी असलेली मी पाहिली. तिच्या हौद्यात अठरा-वीस माणसे दाटीवाटीने बसली होती. पायाशी कपड्यांची बोचकी, एका गोणीत तांदूळ, एका बरणीत नागलीचे पीठ, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या, आणि आयांच्या मांडीवर पेंगुळलेली तीन-चार लेकरे. द्राक्षबागांच्या गोडी छाटणीचे हे दिवस आहेत. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर आणि हद्दीपलीकडचा डांग जिल्हा, इकडून अशा टोळ्या निफाड-दिंडोरीच्या बागांत उतरू लागतात. त्यांतल्या काही छाटणी आणि पेस्ट लावणे उरकून दिवाळीला घरी परततात, तर काही फेल काढणे, विरळणी, डिपिंग, घडांना कागद लावणे आणि शेवटी काढणी असे करीत करीत उन्हाळा लागेपर्यंत येथेच मुक्काम ठोकतात. डोंगराकडची जुनी माणसे ह्या प्रवासाला ‘जगायला जाणे’ म्हणतात. भात आणि नागली घरात येऊन संपली, की माणूस जगायला निघतो. स्थलांतराला ह्याहून नेमका शब्द मला तरी ठाऊक नाही.

तर मग जी माणसे जगायला म्हणून आपल्या शिवारात येतात, ती येथे काय खातात? ते अन्न त्यांना कोठून मिळते? आणि जे मिळते ते काय आहे, हे त्यांना कोण सांगते?

ह्या कुटुंबांच्या अन्नाभोवती, माझ्या समजुतीप्रमाणे, दोन लेखने आहेत. एक लेखन म्हणजे शिधापत्रिका, आणि दुसरे म्हणजे बाजारातून आलेल्या पुड्याच्या वेष्टणावरचा मजकूर. पहिले लेखन अन्न मिळेल की नाही हे ठरविते. दुसरे, मिळालेले अन्न काय आहे हे सांगते. आणि मला जे आज आपल्यापुढे ठेवायचे आहे ते हे की, ही दोन्ही लेखने करणाऱ्यांनी एकच माणूस डोळ्यांपुढे ठेवला होता, बारमाही एका जागी राहणारा आणि शाळा शिकलेला. ह्या दोन्ही कसोट्यांना जो उतरत नाही त्याच्यासाठी लिहिण्याचे राहून गेले, आणि ही चूक लिहिणाऱ्याच्या पदरी न घालता आपण ती वाचणाऱ्याच्या पदरी घातली. ‘त्यांना समजत नाही,’ असे आपण म्हणतो. हे वाक्य मी ग्रामसभेत ऐकले आहे, दवाखान्यात ऐकले आहे, दुकानाच्या गल्ल्यावर ऐकले आहे. ते वाक्य खरे आहे काय, हे आज आपण तपासून पाहू.

प्रथम शिधापत्रिका. आपल्या इलाख्यात रेशनिंगची व्यवस्थित सुरुवात झाली ती मुंबई शहरात, मे १९४३ मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत. आणि तेव्हापासून शिध्याचे दप्तर मुक्कामाच्या पायावर उभे आहे. अमुक वाडी, अमुक घर, अमुक कुटुंबप्रमुख, अमुक दुकान. माणूस हलला की त्याचा शिधा त्याच्यामागे हलत नसे; माणसानेच शिध्याकडे परत यायचे, असा हा शिरस्ता होता. ह्याच्या उलट एक गोष्ट येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. १९७२ च्या दुष्काळात रस्त्यांची, नालाबंडिंगची, खडी फोडण्याची कामे निघाली, तेव्हा सुकडी कामावर येत असे. जिथे हजेरी लागली, तिथे घास आला. दुकानातून मिळणारी ती तांबडी मिलो ज्वारी कोणाला आवडली नाही, तिच्या भाकरीची तक्रार अजूनही लोक करतात. पण अन्न माणसाच्या मागे गेले पाहिजे, हे तत्त्व त्या वर्षाने महाराष्ट्राला शिकविले, आणि वि. स. पागे ह्यांनी ज्या रोजगार हमीचा पाठपुरावा केला तिचा कायदा १९७७ साली ह्याच अनुभवातून झाला. दुष्काळ सरला आणि शिधा पुन्हा आपल्या मुक्कामी जाऊन बसला.

पुढचा इतिहास मी थोडक्यात सांगतो. १ मे १९९९ पासून आपल्या राज्यात पिवळी, केशरी आणि पांढरी अशी तीन रंगांची कार्डे आली. २०१३ साली राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा झाला. महाराष्ट्रात तो १ फेब्रुवारी २०१४ पासून अमलात आला. अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो, आणि प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला ५ किलो धान्य. आरंभी किलोला २ आणि ३ रुपये दराने, आणि जानेवारी २०२३ पासून विनामूल्य. अन्न हा उपकार नसून हक्क आहे, असे संसदेने लिहून दिले, ही गोष्ट मी लहान मानीत नाही. पण राज्याला जो सुमारे ७ कोटी माणसांचा कोटा ठरवून मिळाला, तो २०११ च्या जनगणनेच्या आधाराने. त्यानंतर लग्न होऊन आलेली सून, तिची लेकरे, ह्यांचे ‘नाव चढायचे’ राहते. नाव चढविण्यासाठी तहसिलीत खेपा घालायच्या. खेपा घालायला मुक्काम हवा. आणि मुक्काम तर सहा महिने येथे आणि सहा महिने तेथे!

ऑगस्ट २०१९ मध्ये मात्र एक मोठे पाऊल पडले. कार्ड एका राज्याचे आणि धान्य दुसऱ्या राज्यात, ही सोय देशात ज्या दोन जोड्यांनी प्रथम सुरू झाली, त्यांतली एक जोडी महाराष्ट्र आणि गुजरात ही होती. डांग आणि सुरगाणा ह्यांच्यामधली हद्द शिध्यापुरती पुसली गेली. टाळेबंदीत पायी निघालेल्या माणसांचे तांडे पाहिल्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२१ च्या निकालपत्रात ज्या राज्यांनी ही योजना अजून राबविली नव्हती त्यांना बजावले की, ती ३१ जुलैपर्यंत अमलात आणा. आणि आज ती देशभर आहे. कायद्याच्या दृष्टीने पाहता, त्या पिकअपमध्ये बसलेल्या प्रत्येक कार्डधारकाला सायखेड्याच्या दुकानातून धान्य उचलण्याचा अधिकार आहे.

मग ती माणसे ते का उचलत नाहीत? मी गेले दोन हंगाम हा प्रश्न विचारीत हिंडलो. कार्ड कोठे आहे? घरी, पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, सासूच्या ताब्यात. का आणले नाही? इथे धान्य घेतले तर तिकडे म्हातारीचे बंद होईल म्हणून. हे भय खोटे आहे. एका कुटुंबाने आपला काही हिस्सा गावी आणि काही हिस्सा मुक्कामी उचलावा अशी तरतूद ह्या योजनेत आहेच, आणि कागदाचे कार्ड बरोबर नसले तरी बारा आकडी क्रमांक किंवा आधार क्रमांक चालतो. पण हे त्यांना कोणी सांगितले? जे दुकानापर्यंत गेले, त्यांच्यापैकी काहींचा अंगठा यंत्राने ओळखला नाही. कात्री चालवून आणि पेस्टच्या रसायनात बुडवून झिजलेली ती बोटे. काहींना दुकानदाराने सांगितले की माल आपल्या कार्डांपुरताच आला. त्या दुकानदारालाही मी सरसकट दोष देणार नाही. त्याच्या कोट्यात ह्या पाहुण्यांचा दाणा आधी धरलेला नसतो, आणि महिन्याच्या अखेरीस त्याला स्वतःच्या गावच्या माणसांना तोंड द्यायचे असते. दोष आहे तो हंगामाचा अंदाज न घेणाऱ्या व्यवस्थेचा. आणि हा अंदाज काही अवघड नाही. ऑक्टोबरात निफाड तालुक्यात किती एकर छाटणीला येणार, एकरी किती माणसे लागणार, हे ह्या सभेतला कोणताही बागाईतदार बोटांवर मोजून सांगेल.

बरे, सगळे सुरळीत झाले आणि ते ५ किलो मिळाले, असे धरून चालू. ५ किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६७ ग्रॅम. आपल्या पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावरचा आपला ग्रंथ लिहिताना माणशी रोज २२५० कॅलरींचे माप घेतले होते. त्या मापाने मोजले तर हा शिधा गरजेच्या जेमतेम चौथ्या हिश्शाला पुरतो. उरलेले तीन हिस्से कोठून यायचे? डोंगरात ते थोडेफार नागली, वरई, उडीद, खुरासणी, नदीचे मासे आणि रानभाज्या ह्यांतून येतात. येथे बागेच्या बांधावर ते मुकादमाकडून आठवड्याला मिळणाऱ्या खर्चीतून यायचे असतात. बाजाराच्या दिवशी खर्ची हातात पडते, आणि ती घेऊन बाई किराणा दुकानात उभी राहते. येथे आपण दुसऱ्या लेखनापाशी येऊन पोहोचतो.

मागच्या हंगामात ह्याच तालुक्यात, एका बागेच्या कडेला पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या एका बाईंनी मला आपला स्वयंपाकाचा कोपरा दाखविला. मी त्यांना म्हटले, ‘ताई, तुम्ही काय काय आणता ते मला बघायचे आहे,’ तेव्हा त्या प्रथम संकोचल्या, आणि मग त्यांनी एकेक वस्तू माझ्यापुढे मांडली. तांदूळ होता एका धुऊन घेतलेल्या खताच्या गोणीत. गोणीवर नत्र, स्फुरद, पालाश ह्यांचे प्रमाण अजून स्पष्ट वाचता येत होते. पामोलीन तेलाची अर्ध्या लिटरची पिशवी, कोपरा कापून सुतळीने बांधलेली. तिखटाच्या, हळदीच्या आणि चहाच्या लहान लहान पुड्या, एकमेकींना चिकटलेल्या माळेतून तोडून घेतलेल्या. पाच रुपयांचे बिस्किटांचे चार पुडे. पोरांसाठी खारवलेल्या, पिवळ्याधमक नळ्यांची दोन पाकिटे.

मी एक बिस्किटाचा पुडा हातात घेतला. अर्धा संपलेला होता. त्यावर तारीख शोधू लागलो. मला वाचता येते, चष्मा आहे, उजेड होता. तरीही ती तारीख मला सापडेना. एका बाजूस बारीक इंग्रजीत लिहिले होते की तारीख पुड्याच्या टोकावर पाहा. आणि पुड्याचे ते टोक, ती दातेरी कड, पुडा फोडताना फाडून चुलीत टाकण्यात आली होती! मी दुसरा, न फोडलेला पुडा घेतला. त्याच्या कडेवर ठिपक्याठिपक्यांनी उमटविलेले आकडे होते: दिवस, इंग्रजी महिन्याची तीन अक्षरे, वर्ष, आणि पुढे ‘इतक्या महिन्यांच्या आत उत्तम’. म्हणजे तारीख वाचायची, महिने मोजायचे, बेरीज करायची आणि मग ठरवायचे. उत्तम असण्याची मुदत आणि खाण्याजोगे असण्याची मुदत ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली टळली तर चव आणि कुरकुरीतपणा उतरतो, दुसरी टळली तर ते खाऊच नये. आता २०२० च्या नियमांनी ही दुसरी, शेवटची तारीख छापणे बंधनकारक केले आहे, हे योग्यच झाले. पण ती दातेरी कड अजून तशीच आहे.

त्या बाई वस्तू ओळखीत होत्या त्या रंगावरून. लाल पुडी ती तिखटाची, पिवळी ती हळदीची, हिरवी ती चहाची. बिस्किटांचा हा विशिष्ट पुडा का, असे विचारले तेव्हा त्यांनी त्यावरच्या गुटगुटीत मुलाच्या चित्रावर बोट ठेवले आणि म्हणाल्या, ‘पोराला ताकद येती ना ह्यानं.’ त्यांनी तो पुडा बरोबर वाचला होता. त्यावर जे मोठ्याने लिहिले होते ते त्यांनी वाचले. जे हळू आवाजात लिहिले होते, ते त्यांच्यापर्यंत पोहोचले नाही. ते असे, की घटकद्रव्ये वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागतात, की ह्या यादीत मैद्याच्या खालोखाल साखर आहे आणि साखरेच्या खालोखाल पाम तेल. दीड वर्षाचे लेकरू सकाळी कोऱ्या चहात बुडवून दोन बिस्किटे खाते, दुपारी खारवलेल्या नळ्या, आणि संध्याकाळी भात. त्याची भूक मरते. पोट रिकामे नसते. म्हणून आईला वाटते, लेकरू जेवले.

आणि हे लेखन आपल्यासारख्या शिकलेल्यांना तरी कितपत वाचता येते? वेष्टणावर मीठ लिहिलेले नसते, सोडियम लिहिलेले असते, आणि तेही मिलिग्रॅममध्ये. दिवसाला २००० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे ५ ग्रॅम मीठ, म्हणजे एक लहान चमचा. सोडियमला अडीचने गुणले की मीठ मिळते. ह्या सभागृहात पदवीधर पुष्कळ आहेत. आपल्यापैकी किती जणांनी हा गुणाकार आजवर केला आहे?

आणखी एक गोष्ट सांगतो. ज्या वेष्टणाचा पृष्ठभाग १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा अधिक नाही, त्याला घटकांची यादी, पोषणाचा तक्ता, परवाना क्रमांक अशा मजकुरातून सूट आहे. तो मजकूर मोठ्या, घाऊक वेष्टणावर दिला म्हणजे पुरे. ह्या सवलतीमागचा हिशेब उघड आहे, इतकुशा पुडीवर लिहिणार तरी किती? परंतु बंधुभगिनींनो, इतकुशी पुडी कोण विकत घेतो? ज्याच्या हातात महिन्याचा पगार पडतो तो किलोचा डबा नेतो, आणि डब्यावर सर्व काही लिहिलेले असते. ज्याच्या हातात आठवड्याची खर्ची पडते तो माळेतून एक पुडी तोडतो, आणि त्या पुडीवर लिहिण्याची सक्ती नाही. घाऊक खोक्यावरचा मजकूर दुकानदाराच्या माळ्यावर राहतो.

रेशनच्या धान्याचेही तेच. १५ ऑगस्ट २०२१ रोजी लाल किल्ल्यावरून घोषणा झाली, आणि पुढच्या काळात रेशनचा तांदूळ पौष्टिक तत्त्वे मिसळलेला येऊ लागला. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि ब-१२ जीवनसत्त्व कालवून, यंत्रातून दाण्याच्या आकारात काढलेले हे कण; शंभर दाण्यांमागे असा एक. रंगाने किंचित निराळे, पाण्यात तरंगणारे. निवडताना ते बायकांच्या ताबडतोब लक्षात आले. त्यांनी ते निवडून बाहेर टाकले. आणि राज्यात ठिकठिकाणी बोलवा झाली की सरकार प्लास्टिकचा तांदूळ देते. आपण पुन्हा म्हटले, त्यांना समजत नाही. पण त्या दाण्याची हकिकत कोठे लिहिली होती? गोणीवर! २०१८ च्या नियमांनी तर लोह मिसळलेल्या अन्नाच्या वेष्टणावर थॅलेसेमिया आणि सिकलसेलच्या रुग्णांसाठी इशारा छापण्याचे बंधनही घातले होते; आणि सिकलसेल हा आजार आपल्या आदिवासी पट्ट्यात किती घरांत आहे, हे येथे येणाऱ्या प्रत्येक आरोग्यसेविकेला ठाऊक आहे. ती गोणी दुकानात सुटते. तांदूळ मापाने मोजून बाईच्या पिशवीत पडतो. आणि गोणीवरचा मजकूर गोणीबरोबर दुकानातच राहतो. घरात ज्या गोणीत तांदूळ शिरतो, तिच्यावर नत्र, स्फुरद आणि पालाश.

आता त्या वाक्याकडे वळतो, की ‘त्यांना समजत नाही.’ त्याच बाईंना मी सहज विचारले, की येथे भाजीचे कसे करता? त्या हसल्या आणि त्यांनी मला आपल्या रानातल्या भाज्या सांगायला आरंभ केला. पहिल्या पावसात कुर्डू केव्हा खुडायचा आणि केव्हा तो जून झाला म्हणून सोडून द्यायचा. तेऱ्याचे कोणते पान घ्यायचे. शेवळे जमिनीतून वर आले की ते कसे सोलायचे, त्याच्या आतला कोणता भाग टाकायचा, आणि ते शिजविताना काकड झाडाची आंबट फळे का घालायची. ती घातली नाहीत तर घसा खाजतो. कोणत्या डोंगराचे शेवळे अधिक खाजरे, हेही त्यांना ठाऊक होते. म्हणजे पदार्थ कोणता, त्यात अपायकारक काय, उतारा काय, मुदत किती आणि उगम कोठला, ह्या पाचही गोष्टी त्यांना न चुकता वाचता येत होत्या. वेष्टणाच्या कायद्याने जे जे कारखानदाराकडून मागितले आहे, ते ते सर्व ह्या बाईंच्या जिभेवर होते. जी स्त्री अख्खे रान वाचते, तिला एक पुडा वाचता आला नाही, तर त्या दोहोंपैकी नापास कोण झाले?

आपल्या सरकारला निरक्षरासाठी लिहिता येत नाही, असेही नाही. येथील प्रत्येक बागाईतदाराच्या कोठीत ह्याचा दाखला आहे. फवारणीच्या औषधाची कोणतीही बाटली घ्या. तिच्यावर शंकरपाळ्याच्या आकाराची एक चौकट असते, आणि तिचा खालचा त्रिकोण रंगीत असतो: लाल म्हणजे अतिजहाल, पिवळा त्याखालोखाल, मग निळा, मग हिरवा. कीटकनाशकांच्या १९७१ च्या नियमांनी ही रंगांची भाषा केली, ती अशासाठी की ज्याला अक्षर येत नाही त्यालाही विषाची जात कळावी. इतकेच नव्हे, हे लेखन हिंदी, इंग्रजी आणि ज्या प्रदेशात माल विकला जाणार तेथील एकदोन प्रादेशिक भाषांत असावे, अशीही त्या नियमांची आज्ञा आहे. म्हणून औषधाच्या घडीपत्रकात मराठी असते.

आणि अन्नाच्या वेष्टणाची भाषा? नियम म्हणतो: इंग्रजी किंवा देवनागरीत हिंदी. इतर भाषा वापरण्यास मनाई नाही, सक्तीही नाही. १९६४ साली ह्या राज्याने मराठीला राजभाषा केले; २०२२ साली कायदा दुरुस्त करून लहानमोठ्या सर्व दुकानांच्या पाट्या मराठीत केल्या. पाटी मराठी झाली, आणि पाटीखालच्या फळीवर मांडलेला बाळाचा खाऊ मराठीत बोलत नाही. विषावर मराठी हवी, आणि अन्नावर नसली तरी चालेल, हा क्रम मला अनेक दिवस झोपेत सलत होता.

ह्यातच एक धोका लपलेला आहे, तो मी आपल्या कानावर घालतो. २००१ च्या नियमांनी शाकाहारी पदार्थावर हिरवा ठिपका आला. तो सर्वांना पाठ झाला, कारण तो साधा आहे आणि आपल्या समाजाला त्याची आस्था आहे. परंतु औषधाच्या बाटलीवरचा हिरवा त्रिकोण म्हणजे विषच, फक्त सौम्य. एका हिरव्याचा अर्थ खा, दुसऱ्या हिरव्याचा अर्थ सांभाळ! ज्या खोलीत रिकामा कॅन धुऊन पाणी भरले जाते, त्या खोलीत हे दोन हिरवे शेजारी शेजारी येतात. तेव्हा माझी बागाईतदारांना हात जोडून विनंती आहे की रिकामे कॅन टोळीच्या हाती पडू देऊ नका. भोके पाडा, चेचा, आणि मगच त्यांची विल्हेवाट लावा.

मीठ, साखर आणि चरबी ह्यांच्यासाठी अशी खूण होऊ शकते का? होऊ शकते. दक्षिण अमेरिकेतील चिली ह्या देशाने २०१६ पासून पाकिटांच्या दर्शनी बाजूस काळ्या अष्टकोनाचे शिक्के मारायला लावले. साखर जास्त असेल तर एक, मीठ जास्त असेल तर आणखी एक. ज्याला वाचता येत नाही तोही शिक्के मोजू शकतो. आपल्याकडे अशा दर्शनी खुणेची चर्चा चालू आहे, तारे द्यावेत की इशारे द्यावेत असा वाद आहे, आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत तो प्रश्न गेला आहे. माझे मत मी लपवीत नाही. तारा हे शाबासकीचे चिन्ह आहे. कमी तारे मिळाले तरी बाईला तारेच दिसतील. इशारा हा इशाऱ्यासारखाच दिसला पाहिजे.

आता आपल्या अगदी घरची गोष्ट. येथून जी द्राक्षे युरोपात जातात, त्यांच्या खोक्यावर एक क्रमांक असतो. २००६ साली अपेडाने, म्हणजे शेतमालाची निर्यात पाहणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, ग्रेपनेट नावाची नोंदव्यवस्था उभी केली. त्या क्रमांकावरून हे फळ कोणत्या गावच्या, कोणत्या नोंदणीकृत बागेतले, हे तिकडच्या व्यापाऱ्याला समजते. २०१० साली क्लोरमेक्वाट ह्या रसायनाच्या अंशापायी आपला माल युरोपात अडला तेव्हा ह्या पंचक्रोशीने काय सोसले, ते मी तुम्हांला सांगायला नको. त्यानंतर तुम्ही शिकलात. फवारणीच्या वह्या ठेवल्यात, मुदती पाळल्यात, प्रयोगशाळेचे दाखले जोडलेत. परक्या देशातल्या, कधीही न भेटणाऱ्या एका गृहिणीला आपण काय खातो हे कळावे, एवढ्यासाठी अवघ्या तालुक्याने आपली रीत बदलली. हे ज्या गावांना साधले, त्या गावांना आणखी काय असाध्य आहे?

पॅकहाऊसमध्ये तो क्रमांकाचा कागद खोक्यावर कोण चिकटविते? डोक्याला टोपी आणि हातांत मोजे घालून, सुरगाण्याच्या आणि पेठच्या बाया. दिवसभर त्या दुसऱ्याच्या अन्नावर अक्षरे डकवितात, आणि संध्याकाळी खोलीवर जाऊन गोणीतला तांदूळ काढतात.

म्हणून मी गावापुढे काही मागणी ठेवतो, आणि ती मोठी नाही. टोळी उतरली की बागाईतदार पहिल्याच दिवशी मुकादमाला नावे विचारतो, हजेरीची वही उघडतो. त्याच वहीत एक रकाना शिधापत्रिकेच्या बारा आकडी क्रमांकाचा घालावा, आणि दुसरा सहा वर्षांखालच्या लेकरांचा; पहिला दुकानदाराकडे आणि तहसिलीत जावा म्हणजे पुढच्या महिन्याच्या नियतनात ह्या माणसांचा दाणा धरता येईल, दुसरा अंगणवाडीताईंकडे जावा म्हणजे त्या लेकरांचा आहार आणि वजन ह्यांत खंड पडणार नाही. रेशन दुकानाच्या दाराशी एक फळा असावा, आणि गोणीवर जे लिहिले आहे ते शाळेतल्या मुलांनी दर महिन्याला त्यावर मोठ्या मराठी अक्षरांत उतरवून काढावे. आणि वाचणारे कोणी नसेल तर ते मोठ्याने वाचून दाखवावे. बाजाराच्या दिवशी कोऱ्या चहाबिस्किटांऐवजी खर्चीच्या त्याच पैशांत किती शेंगदाणे, किती फुटाणे, किती अंडी येतात, हे कोणी भाषण करून सांगू नये. किराणा दुकानदारांनी ती वस्तू पाच रुपयांच्या पुडीत बांधून, बिस्किटांच्या शेजारी, लेकराच्या हाताला लागेल अशा उंचीवर टांगावी.

शेवटची गोष्ट भाषेची. ती गावाच्या हातची नाही, पण गावाच्या तोंडची आहे. अन्नाच्या वेष्टणाचे नियम बदलण्यापूर्वी त्यांचा मसुदा प्रसिद्ध होतो आणि कोणाही नागरिकाला त्यावर हरकत पाठविता येते. मसुदा निघण्याची वाट न पाहता अर्ज करण्यासही कोणाची बंदी नाही. ज्या राज्यात माल विकला जाईल त्या राज्याच्या भाषेत पदार्थाचे नाव, शेवटची तारीख आणि मीठ-साखरेचा इशारा छापावा, लहानात लहान पुडीलाही ह्या तीन गोष्टींतून सूट असू नये, आणि तारीख फाटून जाणाऱ्या कडेवर नसावी, एवढ्याच मागण्यांचा अर्ज मी लिहून आणला आहे. तो बाहेर वाचनालयाच्या मेजावर ठेवला आहे. पुलापाशी थांबलेल्या त्या टोळीतील काही मंडळी, बागाईतदारांच्या परवानगीने, मागच्या सतरंजीवर येऊन बसली आहेत. त्यांच्यासाठी मेजावर शाईची डबी आणि हात पुसायला फडकेही ठेवले आहे, आणि सही किंवा अंगठा देण्यापूर्वी अर्ज त्यांच्या डोंगराकडच्या कोकणी बोलीत वाचून दाखवायला येथील एक शिक्षिका तेथे थांबणार आहेत.